हेमकुंटची खिचडी

"तिथून काही आणू नको," काकू म्हणाल्या. "पाणी नको, प्रसाद नको, फोटो तर मुळीच नको. लंगरमध्ये बस, खिचडी खा आन् मला येऊन सांग कशी होती ते."

नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या आजूबाजूला ज्यांचं बालपण गेलंय त्यांना आमच्या काकूंची ओळख करून द्यायला नको. प्रत्येक गल्लीत अशी एक सरदारणी काकू असतेच. घरात पंजाबी, बाजारात दखनी हिंदी आणि आमच्याशी अस्सल मराठवाडी. "कुठं जायलीस?" हा प्रश्न त्यांनी मला शाळेत निघाले की विचारला, लग्न होऊन पुण्याला निघाले तेव्हा विचारला, आणि आता पन्नाशी उलटल्यावर पाठीवर सॅक घेऊन जिना उतरले तेव्हाही विचारला. मी म्हटलं, "व्हॅली ऑफ फ्लॉवर्स." त्यांनी चष्मा वर केला. "म्हंजे हेमकुंटलाच की."

व्हॅली ऑफ फ्लॉवर्स ही उत्तराखंडातली फुलांची दरी, आणि तिच्या शेजारच्या डोंगरावर, सरोवराकाठी, शिखांचा हेमकुंट गुरुद्वारा. माझ्या वहीत दोन दिवस फुलांच्या दरीसाठी होते आणि तिसऱ्या दिवसापुढे 'हेमकुंट, जमलं तर' असं पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. ते मी काकूंना सांगितलं नाही.

काकू स्वतः तिथं गेल्या होत्या लग्नानंतर लगेच, सासू-सासऱ्यांबरोबर. सरोवराबद्दल, डोंगरांबद्दल त्यांना फारसं काही सांगता येत नाही. धुकं होतं, म्हणतात. आठवते ती वाटी. कडकडीत चहा भरलेली स्टीलची वाटी, हातात धरवत नव्हती, ओढणीच्या टोकात धरून प्यायल्या. आणि खिचडी. "तसली खिचडी मला इथं कधी जमली नाही. डाळ तीच, तांदूळ तोच." आता गुडघे गेले. म्हणून माझ्यावर काम सोपवलं.

सचखंड एक्सप्रेस ही आमची गाडी. नांदेडहून निघते, अमृतसरला जाते. या गाडीनं जाणारे जुने प्रवासी डबा नेत नाहीत, ताट नेतात. वाटेतल्या स्टेशनांवर सेवेकरी बादल्या घेऊन उभे असतात आणि तुम्ही कोण, कुठले, हे न विचारता ताटात वाढतात. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच रेल्वेगाड्यांत असं असतं. पहिल्यांदा दुसऱ्या गाडीनं मुंबईला गेले तेव्हा मनमाडला खिडकीतून ताटली बाहेर धरून बसले होते, हे आमच्या घरात अजून सांगतात.

दिल्लीला मैत्रीण भेटली. ती पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकवते. देवधर्माशी तिचं वैर नाही, पण येणंजाणंही नाही. तिला फुलं बघायची होती, मलाही. ऋषिकेशपासून पुढे आधी गंगेच्या आणि मग अलकनंदेच्या काठानं गाडी दिवसभर चढत राहते. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग. जोशीमठात मुक्काम. या गावातल्या घरांना २०२३ च्या जानेवारीत तडे गेले आणि माणसांना घरं सोडावी लागली, ते टीव्हीवर पाहिलं होतं. भिंतीवरच्या भेगांकडे बघायचं नाही असं ठरवूनही नजर तिकडेच जात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गोविंदघाट. इथं लक्ष्मणगंगा अलकनंदेला मिळते. २०१३ च्या जूनमधल्या पुरात इथला पूल, गाड्या, दुकानं, गुरुद्वाऱ्याचा काही भाग असं बरंच काही वाहून गेलं. आता पुलनापर्यंत जीप जाते, म्हणजे पूर्वीच्या तेरा-चौदा किलोमीटरमधले चारेक वाचतात. काकू ते सगळे चालल्या होत्या. मी जीपमध्ये बसले.

पुलनापासून घांघरिया हा चढ तसा सोसवणारा आहे. वाट बांधलेली, दगडी, रुंद. तिच्यावर तुमच्या जोडीला खेचरं असतात, आणि पावसाळ्यात दगडांवर खेचरांची लीद आणि पाणी मिळून जो काला होतो त्याचा वास पुढचे चार दिवस बुटातून जात नाही. मागून "साइड, साइड" अशी हाक आली की डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. खेचराला तुमची फिकीर नसते. त्याच्या पाठीवर गॅसचं सिलिंडर किंवा एखादे भेदरलेले गृहस्थ असतात आणि ते आपलं काम करत असतं. नेपाळी पोरं पाठीवरच्या कंडीत माणसं बसवून नेतात. एका कंडीत एक आजी बसल्या होत्या, तोंड मागे, पाय लोंबकळत, हातात जपमाळ. आमच्याकडे बघून हसल्या. त्यांना पूर्ण वाटभर फक्त मागे राहिलेले लोकच दिसत असणार.

घांघरियाला शीख यात्रेकरू गोविंदधाम म्हणतात. ३,००० मीटरच्या थोडं वर वसलेलं, उन्हाळ्यापुरतं जागं होणारं गाव. एकच गल्ली, दोन्ही बाजूंना ढाबे, रेनकोटची दुकानं, मधोमध गुरुद्वारा. आमच्या लॉजमधली रजाई इतकी दमट होती की अंगावर घेतल्यावर ऊब आपणच तिला द्यायची. तक्रार केली तर मालक म्हणाला, "मॅडम, यहाँ सब गीला है." खरंच होतं. तिसऱ्या दिवशी माझी काड्यापेटीसुद्धा पेटेना.

गाव संपलं की थोड्या अंतरावर वाट फुटते. डावीकडे फुलांची दरी, उजवीकडे हेमकुंट. त्या फाट्यावर सकाळी सहाला उभं राहून बघण्यासारखी गंमत असते. महागडे बूट, दोन काठ्या, गळ्यात कॅमेरा असे लोक डावीकडे वळतात. केशरी पटके, कापडी बूट, कुणी अनवाणी, कडेवर पोर, तोंडात "सतनाम वाहेगुरू" असे उजवीकडे. दोघांना एकमेकांचं नवल वाटतं. डावीकडचे म्हणतात, इतक्या लांब येऊन फुलं नाही बघितली? उजवीकडचे म्हणतात, इतक्या लांब येऊन माथा नाही टेकला? आम्ही दोघी डावीकडे वळलो.

दरीबद्दल आधी एक सांगते, म्हणजे कुणाचा हिरमोड व्हायला नको. फोटोत दिसतो तसा रंगांचा गालिचा तिथं नाही. ज्यांना कास पठार ऐन सप्टेंबरात बघायची सवय आहे, जिथं एकाच फुलानं अख्खं पठार निळं किंवा गुलाबी होतं, त्यांना पहिला तासभर हे काय, असं वाटू शकतं. हिरवं गवत, ढग, पुष्पावतीचा आवाज, पलीकडे बर्फाची जीभ. मग तुम्ही दमून एका दगडावर बसता. बसल्यावर फुलं दिसायला लागतात, कारण ती उभ्या माणसाच्या नजरेसाठी नाहीतच. गुडघाभर निळं जिरेनियम. त्याच्या खाली लालबुंद पोटेंटिला, शर्टाच्या बटणाएवढं. त्याच्याही खाली शेवाळात काहीतरी पांढरं, ज्याच्यासाठी मैत्रीण पोटावर पालथी पडली आणि भिंग लावून दहा मिनिटं उठली नाही. मागून आलेल्या एका कुटुंबानं मला हळूच विचारलं, "इनको ऑक्सिजन चाहिए?"

तेरडा मात्र उभ्या माणसाला दिसतो. डोक्याएवढा उंच, गुलाबी-जांभळा, ओढ्याकाठी रानच्या रान. आपल्याकडचा तेरडा तो हाच नव्हे, पण कूळ एकच. फूल तसंच, मागे शेपटी असलेलं. शेंगाही तशाच. मी एक पिकलेली शेंग दोन बोटांत हलकेच दाबली. ती फट्कन फुटली, साल घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळली गेली आणि बिया तळहातावर टोचून उडाल्या. लहानपणी गौरी बसायच्या आदल्या दिवशी तेरडा आणायला आसना नदीकडे जायचो, तेव्हा हाच खेळ. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. इथं त्याला बर्फ यायच्या आत सगळं उरकायचं असतं, त्यामुळे त्याची घाई समजू शकते. आणि दरीच्या डोक्यावर जो डोंगर आहे त्याचं नाव गौरी पर्वत. तो योगायोग मी मैत्रिणीला सांगितला. ती म्हणाली, "पाय बघून टाक, सापकांद्यावर उभी आहेस."

ही दरी 'शोधली' असं सांगतात ते फ्रँक स्माइथ या ब्रिटिश गिर्यारोहकानं. १९३१ मध्ये ७,७५६ मीटरचं कामेट शिखर सर करून परतताना, पावसानं वाट वाकडी करायला लावली म्हणून तो भ्यूंडार खिंडीतून इथं उतरला. १९३७ मध्ये परत आला, फुलं आणि बियाणं गोळा करत राहिला, पुढच्या वर्षी त्यावर पुस्तक लिहिलं, आणि त्या पुस्तकाचं नावच दरीला चिकटलं. त्याचं पुस्तक वाचून १९३९ मध्ये जोन मार्गारेट लेग नावाची वनस्पती अभ्यासक इथं आली, फुलं गोळा करताना कड्यावरून घसरली आणि गेली. तिच्या बहिणीनं नंतर येऊन थडगं बांधलं. ते आत, दरीत बरंच पुढे आहे. पांढरा दगड, सभोवती तीच फुलं. मैत्रीण तिथं बराच वेळ गप्प उभी होती. तिच्या धंद्यातलं माणूस.

पण खालच्या भ्यूंडार गावातल्या लोकांना ही दरी कुणी दाखवायची गरज नव्हती. ते पिढ्यान्‌पिढ्या इथं मेंढरं चारायला आणत. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि चराई बंद झाली. २००५ मध्ये नंदादेवीच्या जोडीनं युनेस्कोच्या यादीत नाव आलं. आता साडेसत्त्याऐंशी चौरस किलोमीटरच्या या उद्यानात मुक्कामही करता येत नाही. सकाळी चौकीवर नाव लिहून आत, संध्याकाळच्या आत बाहेर. चराई थांबल्यावर काय झालं, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. पॉलिगोनम नावाची एक उंच, दांडगी वनस्पती पसरली. तिच्या सावलीत लहान फुलं गुदमरतात. काही म्हणतात, मेंढरांच्या तोंडानं आणि खुरांनी ती आटोक्यात राहत होती. काही म्हणतात, मेंढरांच्या जुन्या तळांवर खत साचलं होतं म्हणूनच ती माजली. वनखातं दरवर्षी माणसं लावून ती उपटतं. मला त्यातलं कळत नाही, पण मेंढपाळाला बाहेर काढून मग त्याच्या मेंढराचं काम मजुरी देऊन करून घ्यायचं, हे चित्र माझ्या डोक्यातून जाईना. मैत्रीण म्हणाली, इतकं सोपं नसतं. असेलही.

दुसऱ्या दिवशी दरीत इतका पाऊस लागला की चौकीपासूनच परत आलो. पेन्सिलीनं लिहिलेल्या ओळीला त्यामुळे वजन आलं. मैत्रीण येईल असं वाटलं नव्हतं. रात्री तिनं दमट रजाईतून विचारलं, "ब्रह्मकमळ दरीत दिसलं का तुला?" नव्हतं दिसलं. "ते उंचावर असतं. हेमकुंटच्या वाटेवर चिक्कार." झालं. तिला फुलासाठी उजवीकडे वळायचं होतं आणि मला खिचडीसाठी. माथा टेकायला असं आमच्यातलं कुणीच निघालं नव्हतं.

कळसूबाई १,६४६ मीटर. तिच्या डोक्यावर दुसरी कळसूबाई ठेवली तर आपण घांघरियाच्या थोडं वर पोचतो. तिथून पुढे हेमकुंटचा चढ, सहा किलोमीटरांत बाराशे मीटरच्या वर. सकाळी पाचला निघालो. पहिल्या दोन किलोमीटरांत बोलणं थांबलं, तिसऱ्यात विचार थांबले. सह्याद्रीत दम लागतो तो घामाचा असतो, दोन मिनिटं बसलं की जातो. इथला दम बसलं तरी बसून राहतो. मी कापराची पुडी हुंगत होते. माझ्या पुढे पंजाबातली एक बाई चालत होती, वय माझ्याएवढंच, पायात घरातल्या चपला आणि मोजे. दर वळणावर ती थांबायची, मागे वळून मला म्हणायची, "बस आ गया जी, दस मिनट." ते दहा मिनिटं आम्ही तीन तास चाललो. शेवटी मी विचारलं, तुम्ही आधी आला आहात का? म्हणाली, "ना जी, पहली बार."

झाडं कधीच मागे राहिली होती. वरच्या टप्प्यात एका कपारीत निळी पॉपी होती, एकटीच. देठावर काटे, आणि पाकळ्या भिजलेल्या रेशमासारख्या एकमेकींना चिकटलेल्या, मधे पिवळे केसर. थोडं पुढे ब्रह्मकमळं.

आपल्याकडे दर पावसाळ्यात रात्री अकराला ज्याचे फोटो व्हॉट्सॲपवर येतात, 'आमच्याकडे आज सात ब्रह्मकमळं फुलली', ते मुळात अमेरिका खंडातलं एक निवडुंग आहे. सुंदर असतं, वासही छान, पण त्याचा ब्रह्मदेवाशी संबंध आपणच लावलेला. खरं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं आणि पहिल्या नजरेला फूल वाटतच नाही. पिवळट-पांढरी, कागदासारखी पानं एकावर एक मिटलेली, जणू कुणी कोबीचा गड्डा पतंगाच्या कागदाचा केलाय. त्या आवरणाच्या आत, वाकून फटीतून बघितलं तर, जांभळ्या रंगाची खरी फुलं दाटीनं बसलेली. वास उग्र, थोडा औषधी. बाहेरचा कागदी पडदा पाऊस आणि थंडी बाहेर ठेवतो आणि आत ऊब धरतो, मैत्रीण सांगत होती. तिनं बोटानं पडदा किंचित दूर केला. आत एक भुंगा झोपला होता, किंवा थंडीनं गारठून बसला होता. तिनं पडदा परत लावला, लहान मुलाचं पांघरूण सारखं करावं तसा.

नंदाष्टमीला खालच्या गावातले लोक ही फुलं नंदादेवीसाठी नेतात. सरोवराकाठी लक्ष्मणाचं देऊळ आहे आणि भ्यूंडारच्या लोकांसाठी या जागेचं जुनं नाव लोकपाल. लक्ष्मणानं इथं तप केलं अशी त्यांची श्रद्धा. शिखांची कथा त्याच जागेवर येऊन कशी बसली, हे मला वर जाईपर्यंत नीट ठाऊक नव्हतं. याची मला लाज वाटते, कारण अठरा वर्षं मी ज्या गल्लीत राहिले तिथून सचखंड हजूर साहिबचा, म्हणजे नांदेडच्या गुरुद्वाऱ्याचा, कळस दिसतो.

गुरु गोविंदसिंग १६६६ मध्ये पाटण्याला जन्मले आणि १७०८ मध्ये नांदेडला त्यांनी देह ठेवला. जाण्याआधी त्यांनी गुरुपद ग्रंथसाहिबाला दिलं, म्हणजे पंथाच्या दृष्टीनं फार मोठी गोष्ट आमच्या गोदावरीकाठी घडली. हे आम्हाला शाळेपासून माहीत. होळीला आणि दसऱ्याला हल्लाबोल निघायचा तेव्हा घोडे, निशाण, तलवारी बघायला आम्ही गच्चीवर. पहाटे गोदावरीतून पाण्याची घागर भरून तख्ताला, म्हणजे इथल्या मुख्य गुरुद्वाऱ्यात, नेतात, तेही माहीत. म्हणजे कथेचा शेवट आम्हाला पाठ होता. सुरुवात कुठं झाली हे कधी विचारलंच नाही. 'बचित्तर नाटक' या दशम ग्रंथातल्या रचनेत ती सुरुवात आहे. मागच्या जन्मी हेमकुंट पर्वतावर, जिथं सात शिखरं शोभतात, जिथं पंडू राजानं योग साधला, तिथं मी तप केलं, असं गुरू तिथं सांगतात. सप्तशृंग म्हटल्यावर मराठी माणसाला वणीची देवी आठवणार. उत्तरेत ती सात शिखरं कुठली, हा प्रश्न कितीतरी काळ तसाच पडून होता. १९ व्या शतकात पंडित तारासिंग नरोत्तम यांनी बद्रीनाथजवळची ही जागा सुचवली. मग १९३० च्या दशकात टिहरीचे संत सोहनसिंग शोधत निघाले, त्यांना भ्यूंडारच्या गावकऱ्यांनी लोकपालचं सरोवर दाखवलं. भोवती शिखरं मोजली. सात भरली. बेंगॉल सॅपर्स अँड मायनर्सचे हवालदार मोदनसिंग त्यांना मिळाले, अमृतसरच्या भाई वीरसिंगांनी पैसा उभा केला, आणि १९३६ च्या सुमारास दहा बाय दहा फुटांची एक खोली उभी राहिली. घांघरियाला तेव्हा राहायला काही नव्हतं. मोदनसिंग एका झाडाच्या ढोलीत राहत, असं सांगतात.

मला या सगळ्यात आवडलं ते शिखरं मोजणं. डोळ्यांसमोर आणून बघा. दोन माणसं त्या गार पाण्याकाठी उभी, ढग हटायची वाट बघत, बोटांवर मोजत. एक, दोन, तीन. ढग. परत पहिल्यापासून. आम्ही पोचलो तेव्हा मीही मोजली. चार झाली आणि पडदा पडला.

शेवटच्या चढाला पायऱ्या आहेत, उभ्या, ओल्या, हजाराच्या वर. त्या संपता संपता आधी कीर्तनाचा आवाज येतो, मग निशाणसाहिबाचा, म्हणजे पंथाच्या ध्वजाचा, केशरी खांब, आणि एकदम पाणी. काळं नाही, निळंही नाही, ढगाच्या रंगाचं. उलट्या कमळासारखं छप्पर असलेला गुरुद्वारा. पुरुष उघड्यावर, साखळीला धरून बुडी मारत होते आणि बाहेर येऊन थरथरत "वाहेगुरू" म्हणत होते, त्यातला अर्धा शब्द दातांच्या कडकडीत जात होता. बायकांसाठी आडोसा आहे. ती चपलांवाली बाई सरळ आत गेली, पाच बुड्या मारून आली. मी पावलं बुडवली. तळव्यात सुया, मग काहीच नाही, मग पाय आपले नाहीतच असं. तेवढ्यावर मी थांबले.

आत दरबारात गालिचे आणि भिजलेल्यांसाठी ब्लँकेटं. सेवादारानं न बोलता एक माझ्या खांद्यावर टाकलं. ते कोरडं होतं! तीन दिवसांनी अंगाला लागलेली पहिली कोरडी गोष्ट. साडेबाराच्या सुमाराला अरदास, म्हणजे सगळ्यांची मिळून प्रार्थना, झाली. अरदासीत पाच तख्तांचं, म्हणजे पंथाच्या मुख्य पीठांचं, स्मरण करतात हे मला माहीत होतं, पण उंचीवर डोकं बधिर झालेलं, कानांना दडे बसलेले, आणि त्या सगळ्यात एकदम "हजूर साहिब" ऐकू आलं. आमची गल्ली. किराणा दुकान, समोरचा दवाखाना, काकूंचा ओटा. माथा टेकायचा की नाही हा प्रश्न मला पडलाच नाही, आधीच टेकलेला होता. शेजारी बघितलं तर मैत्रीणही वाकलेली. नंतर म्हणाली, ती बुटाची नाडी शोधत होती. आत बूट घालून कुणी जात नाही.

मग लंगर.

बाहेरच्या बाजूला रांग. स्टीलची वाटी हातात आली, तिच्यात चहा. काकूंनी सांगितलं होतं ते खरं निघालं, धरवत नाही. मी रेनकोटची बाही हातावर ओढून धरली. गोड, खूप गोड, वेलची होती की नव्हती कोण जाणे. शेजारचा सरदार आजोबा फुंकर न घालता घटाघटा प्यायला. दुसऱ्या रांगेत खिचडी. मोठ्या पातेल्यात लाकडी पळा घालून एक पोरगा ढवळत होता, वाफेत त्याचा चेहरा दिसत नव्हता. इतक्या उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, डाळ शिजता शिजत नाही, म्हणून पातेली पहाटेपासून चुलीवर. गॅस, डाळ, तांदूळ, पीठ, सगळं खालून खेचरांच्या पाठीवर. वाढणाऱ्यानं वाटीत एक पळी ओतली आणि वर तूप. आम्ही भिंतीला टेकून उभ्यानंच खाल्ली. पुन्हा रांगेत गेलो. पुन्हा खाल्ली.

इथं मुक्कामाला परवानगी नाही. दोनच्या सुमाराला सेवादार "चलो जी, चलो" करत सगळ्यांना खाली काढतात. उतरताना गुडघे बोलायला लागले तेव्हा वाटेतल्या टपरीवाल्याकडून रोपवेचा विषय निघाला. २०२५ च्या मार्चमध्ये केंद्रानं मंजुरी दिलीय, गोविंदघाटपासून थेट हेमकुंट, १२.४ किलोमीटर, २,७३० कोटींच्या वर खर्च. टपरीवाला म्हणाला, बनेल तेव्हा बनेल. त्याची टपरी वाटेवर आहे, दोरीखाली नाही. मला काय वाटतं ते सरळ सांगते: काकूंसाठी मला तो हवाय, आणि माझ्यासाठी नको. या दोन्हींत मेळ कसा घालायचा ते मला सुचलेलं नाही. मेळ घालण्याआधी कुणीतरी ती खेचरं, ती नेपाळी पोरं आणि वरच्या ब्रह्मकमळांनाही धरून विचार करावा, एवढंच.

नांदेडला परत आले तेव्हा काकू ओट्यावर मेथी निवडत होत्या. बुटांचा वास अजून होता, म्हणून मी ते बाहेर ठेवले. बसले. सगळं सांगितलं. वाट, खेचरं, पायऱ्या, चपलांवाली बाई, अरदासीत हजूर साहिब ऐकलं ते. त्या मान हलवत होत्या, मेथीची पानं खुडत होत्या, काड्या एका बाजूला. वाटीचं सांगितलं तेव्हा हात थांबले. "अजून तीच वाटी?" म्हटलं, तीच, धरवत नाही. त्या खूश झाल्या. फुलांचं सांगायला लागले तर म्हणाल्या, ते राहू दे, खिचडी सांग.

मी सांगितली. मऊ होती. पिवळी. वरून तूप. मुगाची असेल, किंवा हरभऱ्याची डाळ असेल, दोन्ही असतील. गरम होती. फार चांगली होती.

"ते झालं ग. मीठ कसं होतं? अंमळ कमी होतं ना? आमच्या वेळी कमी असायचं."

मी आठवायचा प्रयत्न केला. वाफ आठवली, पळा आठवला, रेनकोटच्या बाहीला लागलेलं तूप आठवलं. मीठ काही आठवेना.

"दोन वाट्या खाल्ल्यास ना?" काकू म्हणाल्या.

"दोन."

"आन् मिठाचं माहीत नाही." त्यांनी मेथीची जुडी माझ्याकडे सरकवली. "घे, निवड."